तहसीलदाराची छाती

उदगीरच्या गुरुपादप्पांनी कुत्र्याचं नाव तहसीलदार ठेवलं होतं, कारण काही खाल्ल्याशिवाय ते जागचं हलत नसे. आता ते खातही नव्हतं. डोळ्यांना चिपडं, नाकाला शेंबूड, आणि श्वास फाटक्या भात्यासारखा.

पोटी लेकरू नसलेली त्यांची बायको पार्वतम्मा त्याचं डोकं मांडीवर घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसली होती.

डॉक्टर लुंबिनीनं छातीला नळी लावली. "डिस्टेंपर आहे, अप्पा. फुफ्फुसात पहारेकरी पेशी असतात, येईल त्या जंतूला गिळतात. हा विषाणू त्यांच्याच पोटात बसून अंगभर फिरतो आणि शेवटी त्यांनाच मारतो. मग बाकीच्या जंतूंना रान मोकळं. आता न्यूमोनिया झालाय."

"म्हंजे चोर पोलिसाच्याच जीपमध्ये फिरायलाय," अप्पा म्हणाले. कुणी हसलं नाही. त्यांनाही हसू आलं नाही.

"पण लस दिली होती ना?" लुंबिनीनं विचारलं. "लसीनं पेशींना दुश्मन आधीच ओळखीचा होतो. बर्फात ठेवलेली ना? तापली की ती मरते, नुसतं पाणी उरतं."

लातूरहून अप्पांनी लस बर्फाच्या थर्मासात आणून फ्रीजमध्ये ठेवली होती. टोचणारा सकाळी आला, तेव्हा पार्वतम्मानं ती पहाटेच काढून न्हाणीच्या चुलीपाशी उबेला मांडलेली. "गार सुई टोचली तर लेकराच्या छातीत कफ व्हतो," म्हणाली होती. अप्पांनी तिच्या अकलेचं कौतुकही केलं होतं.

पार्वतम्माचा हात कुत्र्याच्या कानावर थांबला.

"म्याच घोळ केला," अप्पा घाईनं म्हणाले. "थर्मास न्हवता. यष्टीत खिडकीपाशी उन्हात राहिली."

लुंबिनीनं दोघांकडं पाहिलं आणि गुपचूप सलाईन लावलं.

दुसऱ्या सकाळी तहसीलदार गेला. परसात खड्डा खणला. अप्पांच्या समाजात माणसाला बसवून पुरतात. पार्वतम्मानं त्यालाही बसवायला लावलं, कपाळाला भस्म लावलं.

मग अप्पा शिव्यांची वाट बघत बसले. आजवर दूध उतू गेलं तरी दोष त्यांचाच असायचा. या वेळी तर त्यांनी आपण होऊन कबूल केलेलं. पार्वतम्मानं मुकाट चहा आणून ठेवला.

"बोल की गं कायतरी. शिव्या तरी दे."

ती उठली, न्हाणीच्या पेटत्या चुलीवर तिनं तांब्याभर पाणी ओतलं, आणि दाराशी गार फरशीवर जाऊन बसली.