स्थापना दिनाची सुट्टी

मी एक जुने, घडीच्या पायांचे बैठे मेज आहे. कोरियातल्या दाएजॉन शहरातल्या एका सुताराने मला घडवले आणि काळी लाख चढवली. सन-योंगच्या लग्नात तिच्या आईने मला तिच्या घरी पाठवले. भाताच्या वाट्या, किमची, वाफाळते सूप, एवढाच तेव्हा माझा संसार होता.

पुढे सन-योंगची मुलगी हान-ब्योल दुसरीत गेली. शाळा, मग वर तीन शिकवण्या. पोर घास तोंडात धरून पेंगायची. एका रात्री तिचे कपाळ माझ्यावर आपटले, तरी तिला जाग आली नाही. दुसऱ्या दिवसापासून सन-योंगने तिला शाळेत पाठवणे बंद केले आणि माझ्यावरच पाटी-पुस्तके मांडली.

मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते. गुरुवारी अशीच घरी शिकणारी आणखी दोन मुले येऊ लागली. वर्षभरात अकरा झाली. माझ्याभोवती जागा पुरेना, आणि मी आपले उगाच फुशारून जाई.

पण आमच्याकडे मुलांना शाळेत पाठवणे कायद्याने सक्तीचे, म्हणून सन-योंग लोकांना फार भ्यायची. शाळेची पत्रे ती न उघडताच खणात टाकायची. शाळा सुटेपर्यंत, म्हणजे दुपारी अडीचपर्यंत पडदे बंद, पायात जाड मोजे, मोठ्याने हसायचे नाही. लिफ्टमध्ये कोणी हटकलेच, तर सांगायचे, 'आज आमच्या शाळेचा स्थापना दिन आहे.' प्रत्येक शाळेची ही सुट्टी वेगळ्या तारखेला येते, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. हान-ब्योलने ते वाक्य माझ्यावर कागद ठेवून वीस वेळा लिहिले. पेन्सिल दाबून लिहायची तिची सवय; अक्षरे माझ्या लाखेत उमटली.

वर्षातून एकदा येणारी सुट्टी खालच्या मजल्यावरच्या आजींनी एका महिन्यात तीनदा ऐकली. आमच्या इमारतीत पोरांच्या धावण्यावरून रोज भांडणे होतात. आजींच्या डोक्यावर मात्र कधी एक पाऊल वाजले नव्हते. त्यांना त्या शांततेचीच धास्ती वाटली आणि त्यांनी पोलिसांना फोन केला.

मंगळवारी सकाळी बालसंरक्षण विभागाच्या एक अधिकारी बाई आणि एक पोलीस आले. बाई माझ्यापाशी मांडी घालून बसल्या.

"बाळ, घरात तुला कुणाची भीती वाटते का?"

हान-ब्योलने आईकडे पाहिले. "आज आमच्या शाळेचा स्थापना दिन आहे."

बाईंनी पुन्हा विचारले. पुन्हा तेच उत्तर आले. मग त्यांनी नुसते नाव विचारले, तरी पोरीने तेच वाक्य म्हटले, आणखी हळू आवाजात.

"मीच शिकवलंय तिला ते," सन-योंग म्हणाली.

"हान-ब्योलची आई, आणखी काय काय शिकवलंय ते आम्हाला कसं कळणार?" बाई म्हणाल्या. "सोमवारी पुन्हा येऊ. तिचे चार कपडे पिशवीत भरून ठेवा."

या गुरुवारी शिकायला कोणीच आले नाही. आज रविवार आहे. पिशवी दाराशी ठेवली आहे. हान-ब्योल माझ्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवत बसली आहे.

"आई, उद्या खरंच स्थापना दिन असला, तर ते येणार नाहीत ना?"

सन-योंग ओल्या फडक्याने मला पुसते आहे. तेवढाच भाग पुन्हा पुन्हा घासते आहे. मित्रांनो, माझ्यावर हवे ते सांडा, हवे तितके ओरखडे काढा. पण घरातल्या लहानग्यांकडून भीती पाठ करून घेऊ नका. ती अक्षरे काही केल्या निघत नाहीत.