हुडहुडी थांबली तेव्हा

मी एक जुना, वाळका भोपळा आहे. आतून पोकळ, त्यामुळे रडणं-हसणं मला फारसं जमत नाही. घडलं तेवढं सांगतो.

मित्रांनो, कोरियातल्या जेजू बेटावर चुनोक नावाच्या बाईच्या कुंपणावर मी वाढलो. तिने मला वाळवलं, बिया काढल्या, भोक बुजवलं, खाली जाळी बांधली आणि सुनेच्या, माल्सुनच्या, हाती तरंगा म्हणून दिलं. दोघी समुद्रात बुडी मारून तळाचे शिंपले काढत. वर आलं की शीळ घातल्यासारखा श्वास सोडायचा आणि मला छातीशी धरून दम खायचा, अशी तिथली रीत.

माल्सुनची छाती माझ्यावर टेकलेली असे, म्हणून आतला कारभार मला कळे. बुडीत संथ झालेलं काळीज वर आल्यावर धावायला लागे. गार पाण्यात बोटं पांढरी पडत, कारण हातापायांतलं रक्त छाती-पोटाला ऊब द्यायला जाई. तिथे गर्दी झाली की मूत्रपिंडं जादा पाणी काढून टाकत. मग सारखी लघवीला लागते म्हणून बायांची एकच कुरकुर. एवढं करूनही भागलं नाही, तर हुडहुडी भरे. स्नायू थरथरून ऊब तयार करत आणि सकाळी खाल्लेलं रताळं त्यात खर्ची पडे. एकाचं कमी पडलं की दुसरा सावरून घेई.

हुडहुडी भरली की सगळ्यांनी किनाऱ्यावरच्या दगडी आडोशात शेकोटीपाशी जायचं. नवख्या बसत धुराच्या बाजूला, मानाच्या बाया वाऱ्याच्या बाजूला. माल्सुनला सासूशेजारची मानाची जागा हवी होती. त्या हिवाळ्यात तिने हट्टच धरला. बाकीच्या शेकायला गेल्या, ही पाण्यातच राहिली. मोठे शिंपले नेले की मला नवखी कोण म्हणतंय, असं तिला वाटे.

ती माझ्यावर इतकी थरथरत होती की जाळीतले शिंपले वाजत होते. मग ते वाजायचे थांबले; थंडी तीच होती, थरथरायचं बळ संपलं होतं. तिची बोटं माझ्या दोरीवरून सारखी निसटू लागली.

सासू पोहत परत आली. तिने विचारलं, "थंडी वाजतेय का गं?"

"नाही आई. आता काहीच वाटत नाही. एक बुडी मारते आणि येते."

चुनोकचा चेहरा उतरला. "काहीच वाटत नाही? मग बुडी राहू दे. चल."

माल्सुन भांडली. जीभ जड झाली होती, काय बोलते ते कळत नव्हतं. सासूने माझी दोरी स्वतःच्या कमरेला बांधली, सुनेला माझ्यावर पालथी घातली आणि ओढत किनाऱ्याला आणलं. ओले कपडे काढले, गोधडीत गुंडाळलं, स्वतःच्या जागेवर घेतलं आणि पोटाशी धरून बसली. हातपाय कुणाला चोळू दिले नाहीत, नाहीतर तिथलं गार रक्त एकदम काळजाकडे गेलं असतं. माल्सुन नुसती बघत होती.

बऱ्याच वेळाने तिचे दात वाजले. सासूचे डोळे भरून आले.

"काप बाई, काप," ती म्हणाली. "कापतेयस तोवर तू आमची आहेस."

पुढे थर्माकोलचे तरंगे आले आणि मला खिळ्याला टांगलं. आता मला तडा गेला आहे. मला त्याचं काही वाटत नाही. पण मित्रांनो, तुमचं अंग कापलं, तहान लागली, घाम फुटला, तर वैतागू नका. आत सगळे मिळून तुमच्यासाठी राबत असतात. त्यांनी हाक मारली की ऐका, कारण ते गप्प झाले की तुम्हाला बरं वाटायला लागतं.