सातवी खुर्ची

"डावा हात पाठीमागे!" वन्सं ओरडल्या, आणि मी शाळेतल्या मुलीसारखा हात पाठीमागे घेतला.

"अहो, वायर कालपासून काढलेलीच आहे."

"असू दे. मोठा कपॅसिटर वीज साठवून ठेवतो, मेलेला दिसला तरी चावतो. दोन्ही हात घातलेस तर झटका छातीतून जाईल. एकच हात, कळलं?"

त्यांनी बल्बच्या दोन तारा आत टेकवल्या. बल्ब पेटला नाही. "निवलाय," म्हणाल्या आणि बाह्या सरसावून बसल्या.

जेवणाच्या टेबलावर आमच्या वीस वर्षांच्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय उघडा पडला होता. महिन्यापूर्वी कॉम्प्युटर बंद पडला तेव्हाच मुलगा म्हणाला होता, भंगारात देऊन टाक. भंगारवाला आज चार वाजता यायचा होता. पण माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची नणंद! त्यांनी झाकण काढून आत डोकावलं आणि माहेरचं माणूस दिसावं तशा हसल्या. "बघ, बघ! पाच कपॅसिटरांच्या टोप्या फुगल्यात. हे तर माझंच काम!"

वन्सं एकतीस वर्षं रेडिओच्या कारखान्यात होत्या. लांबलचक टेबल, चाळीस बायका, वन्संची खुर्ची सातवी. सातव्या खुर्चीनं कपॅसिटर बसवायचे, सोल्डर करायचं आणि पुढे सरकवायचं. बस्स. रेडिओ पुरा व्हायचा भिंतीपलीकडे, आणि वाजवून बघायचे त्याच्याही पलीकडे. संध्याकाळी त्या घरात शिरल्या की अंगाला सोल्डरच्या राळेचा वास यायचा. मी नवी सून, मला तो अत्तरापेक्षा आवडायचा. एकदा मी विचारलं, "वन्सं, तुम्ही केलेला रेडिओ लागतो तेव्हा कसं वाटतं हो?"

"मला काय ठाऊक? वाजले ते गेले. न वाजलेले तेवढे माझ्याकडे परत यायचे."

पन्नास वर्षं झाली, ते बोलणं मी विसरले नाही. म्हणूनच मुलाला बजावलं होतं, चारपर्यंत या डब्याला कुणी हात लावायचा नाही.

"आत्या, नवीन मिळतो गं बाजारात," मुलगा दारातून म्हणाला. "हात बघ तुझा, कसा कापतोय."

"तुला न्हाऊ घालताना नव्हता कापत. सर बाजूला, उजेड अडवतोस."

हात कापत होता, हे खरंच. वन्संनी मनगटाखाली दोन काडेपेट्या ठेवल्या आणि जुने कपॅसिटर एकेक करून उपटले. मी विणकामाचा नमुना काढते तसं कागदावर पेन्सिलीनं सगळं आधीच उतरवून ठेवलं होतं: पाच गोल, आणि प्रत्येकावरचा पांढरा पट्टा कुठल्या बाजूला ते.

"पाच तर आहेत. चित्रं कशाला काढलीस?" वन्संनी टोमणा मारला.

नवे पाच बसले. राळेचा धूर उठला आणि मी पटकन चोवीस वर्षांची झाले. साडेतीन वाजले होते. वन्संनी झाकण उचललं, तेवढ्यात माझी नजर कागदावर गेली.

"थांबा! माझ्या चित्रात पट्टे खिडकीकडे आहेत. तुमचे सगळे भिंतीकडे."

"चित्र उलटं धरलंस."

"पंख्याच्या बाजूला फुली केलीय. उलटं नाही."

"एकतीस वर्षं, बाई! सर्किटच्या पाटीवर पांढरा रंग म्हणजे अधिक. पट्टा म्हणजे उणे, तो त्याच्या समोर यायचा."

"तुमच्या कारखान्यात. या कॉम्प्युटरवाल्यांकडे दुसरी रीत असेल."

वन्संनी झाकण बाजूला ठेवलं. मग भिंग लावून काळी, म्हणजे उणेची तार कुठे जाते ते बोटानं शोधत गेल्या. बोट पांढऱ्या रंगाशी येऊन थांबलं.

"उणे इथं आहे गं. पाचही उलटे लावले मी." आणि एकदम खो खो हसायलाच लागल्या. "फटाफट फुटले असते! मी घर पेटवलं असतं आणि तू उभी हात पाठीमागे घेऊन!"

पुन्हा काडेपेट्या, पुन्हा धूर. मी भिंग धरलं, त्या डाग देत गेल्या. तिसरा लागला, चौथा लागला. पाचव्याला दारावरची घंटा वाजली.

"भंगारवाला आलाय, आई!"

"बसव त्याला! पाणी दे!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो.

झाकण लागलं. कपॅसिटर देणाऱ्या दुकानदारानं सांगितलं होतं, हिरवी आणि काळी तार जोडली की डबा एकटाही चालू होतो. वन्संनी अंबाड्यातला आकडा काढला, पात्यानं त्याचा रंग खरवडून तो वाकवला आणि दोन तारांच्या टोकांत खोचला. मग हात मागे घेतला.

"लाव."

"तुम्हीच लावा ना."

"नको. मी कधी लावलेला नाही. तू लाव."

मी बटण दाबलं. आत टिक झालं. पंखा जरासा हलला, अडखळला, आणि भर्रकन फिरायला लागला.

"आत्या!" मुलगा दारातून धावत आला. "चालला की गं! आण, कॉम्प्युटरला जोडतो."

मी त्याला मागे ओढलं आणि म्हटलं, त्या भल्या माणसाला परत पाठव.

वन्संनी पंख्यासमोर तळहात धरला होता. आकडा काढलेल्या अंबाड्यातून सुटलेले पांढरे केस त्या वाऱ्यानं हलत होते.

"वन्सं, बंद करू का?"

"अं हं," त्या म्हणाल्या. "राहू दे. जरा चालू दे."