मांडीतली गाठ

डॉ. अक्षयानं स्लाइड तिसऱ्यांदा मायक्रोस्कोपखाली सरकवली. चित्र तेच होतं. दाटीवाटीनं वाढलेल्या, भराभर विभागणाऱ्या पेशी आणि त्यांच्यामधून कच्च्या हाडाच्या वेड्यावाकड्या रेघा. हाडाचा कॅन्सर असाच दिसतो. मिरकरवाड्याच्या तेजस्वीच्या मांडीतून सुईनं काढलेला हा तुकडा. पोरगी सोळा वर्षांची. सर्जननं कागदावर लिहिलं होतं, 'दीड महिन्यापासून गाठ. मार लागलेला नाही.' सकाळपासून त्याचे दोन फोन येऊन गेले होते. रिपोर्ट हाती आला की मुलीला मुंबईला पाठवायचं, कदाचित पायही जाईल.

अक्षयानं सहीसाठी पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं. पेशी वाढत होत्या खऱ्या, पण एकमेकींसारख्या दिसत होत्या. कॅन्सरमधला बेढबपणा त्यांच्यात नव्हता. आणि हाडाचं निदान नुसत्या स्लाइडवर करायचं नसतं, शेजारी एक्स-रे हवा. जवळची फिल्म महिन्यापूर्वीची, धूसर. तिनं नवी मागवली.

दुपारी तेजस्वीची आई गुणवंती फिल्म घेऊन आली. लिलावातून उठून तशीच आली होती, हाताला अजून मासळीचा वास. अक्षयानं फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. गाठीला अंड्याच्या कवचासारखी, पक्क्या हाडाची पांढरी कड आली होती, आणि गाठ मांडीच्या हाडापासून सुटी होती. कॅन्सर असता तर कडेलाच हाड कच्चं दिसलं असतं. पण अशी कॅन्सर नसलेली गाठ बहुधा मार लागल्यावरच होते, आणि सर्जनच्या कागदावर मार नव्हता.

"गुणवंतीताई, तेजस्वीच्या मांडीला काही लागलं होतं का? पडली, आपटली?"

"नाय वो मॅडम. कायच नाय."

उत्तर जरा जास्तच लवकर आलं.

"नीट आठवून सांगा. सगळं त्यावर आहे."

गुणवंतीनं दाराकडे पाहिलं. बाहेर बाकड्यावर तेजस्वी पाय लांब करून बसली होती.

"मीच मारलं," ती हळूच म्हणाली. "वल्ह्याच्या दांड्यानं. कॉलेज सोडून तुझ्याबरोबर मासळीला बसते म्हणाली. डोकंच फिरलं माझं."

"मग तिनं सर्जनना का नाही सांगितलं?"

"त्यांनी दोनदा विचारलं तिला. माझ्याकडे बघून नाय म्हणाली." गुणवंती पुढे वाकली. "मॅडम, माझ्या मारानं कॅन्सर झाला न्?"

अक्षया खुर्चीत बसली. फिल्म हातात घेतल्यापासून ती उभीच होती.

"मला हा कॅन्सर वाटत नाही. जोराचा मार बसला की कधीकधी मांसातच हाड धरतं. मुंबईच्या तज्ज्ञांना मी स्लाइड दाखवीनच. पण ही गाठ बहुतेक आपोआप कमी होईल."

"म्हणजे पाय ऱ्हाईल?"

"राहील."

"पण ही गाठ... माझ्या मारानंच?"

"हो," अक्षया म्हणाली. आवाजातला आनंद तिला आवरता आला नाही.

गुणवंती तोंडात पदर कोंबून रडली. आवाज ऐकून तेजस्वी लंगडत दारात आली.

"काय झालं, आये?"

"काय नाय. घरी चल."

तेजस्वीनं आधारासाठी हात पुढे केला. गुणवंतीनं तो लगेच धरला नाही. आधी आपला उजवा हात पदराला पुसला. मग पुन्हा पुसला.