मला रस्ता म्हणू नका

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पूल आहे. ओढ्यावरचा, आणि इतका अरुंद की समोरून कुणी आलं तर अंग चोरावं लागतं. सुताराने मला बांधलं तेच मुळी चालणाऱ्यांसाठी. दोन्ही टोकांना त्याने एकेक पायरी ठेवली. दूधवाला, शाळेची मुलं, भाजीच्या पिशव्या, सगळ्यांचं ओझं मी कुरकुरत का होईना, पण वाहिलं.

माझ्या शेजारच्या घरात एक ताई राहते. मोबाइलवरच्या, कुणालाही भर घालता येईल अशा नकाशात ती फावल्या वेळी गल्ल्या आणि दवाखाने भरते. तिने मलाही भरलं, 'पादचारी पूल' म्हणून. अगदी खरं. पण नकाशात मी दिसलो पुसट ठिपक्यांसारखा.

तिचे बाबा चष्मा सावरत म्हणाले, "अगं, कुठाय आपला पूल? मला तर काहीच दिसत नाही!"

ताई हिरमुसली. माझ्यावर तिचा जीव ना! तिने माझा प्रकार बदलून 'रस्ता' केला. लगेच मी जाड, ठळक दिसू लागलो.

"आता कसा शोभतोय!" बाबा म्हणाले. खोटं कशाला बोलू, मीही फुशारलो.

पण माणसं चित्र बघतात, आणि यंत्र त्यामागची नोंद वाचून गाड्यांना वाट दाखवतं. मोटारसायकली पायरीवरून उड्या मारत माझ्यावर येऊ लागल्या. माझी मधली फळी पार खिळखिळी झाली.

आज सकाळी बाबांना श्वास घेता येईना. ताईने रुग्णवाहिका बोलावली. ती आली, पण ओढ्यापलीकडे!

"अहो, इकडे या ना! हे काय घर!" ताई ओरडली.

"ताई, नकाशात सरळ रस्ता दाखवतोय हो! इथून गाडी कशी घालू?"

चालक आणि मदतनीस स्ट्रेचर घेऊन माझ्यावरून धावले. मधली फळी कडकन मोडली. चालकाचा पाय गुडघ्यापर्यंत अडकला. बाकीच्या फळ्या मी जिवाच्या आकांताने धरून ठेवल्या, पण आता माझ्यावरून स्ट्रेचर न्यायची कुणाची हिंमत होईना. शेवटी पाय सोडवून चालकाने गाडी दूरच्या मोठ्या पुलावरून वळसा घालून आणली. तोवर बाबांचे ओठ निळे पडले होते. "मीच केलं हे," म्हणत ताई रडत गाडीत चढली.

घराला कुलूप आहे. बाबा वेळेत पोचले का, मला कुणीच सांगत नाही. मित्रांनो, मी नकाशात पुसट दिसलो तर दिसू द्या. रेघ ठळक हवी असेल तर नकाशाचं चित्र काढणाऱ्यांना सांगा, पण मला पादचारी पूलच लिहा. 'रस्ता' ही नोंद अजून तशीच आहे, माझी फळी मोडलेली आहे, आणि पलीकडे पुन्हा हॉर्न वाजतोय. अहो, कुणीतरी आधी ती बदला!