टेबलं साफ होती

दारावरचा कागद वाचला आणि ओइवाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कागद नगरपालिकेचा होता आणि भाषा लोण्यासारखी मऊ. सुओयोकी गावच्या शाळेतल्या वाचनालयाचा 'वापर जवळजवळ होत नसल्यानं' ही खोली नव्या वर्षापासून व्यायामाच्या यंत्रांना देण्याचा विचार आहे. ग्रामस्थांनी आपली मतं सभेत मांडावीत. कॉफीची सोय केली आहे.

"वापर होत नाही!" ओइवा मोठ्यानं म्हणाला. "मग मी काय इथं रोज छत गळतंय का बघायला येतो?"

त्यानं कार्ड लावून दार उघडलं. मागे सिल्वी होती, तिच्यामागे दूधगाडीवाला, त्याच्यामागे आणखी दोघं. ओइवा नेहमीसारखा दार धरून उभा राहिला, सगळे आत आले, सगळ्यांनी बूट काढले आणि लोकरीच्या मोज्यांवर आपापल्या कपाटांकडे गेले. कागद सगळ्यांनी वाचला होता. बोललं कोणी नाही. सुओयोकीत घराला आग लागली तरी माणूस आधी शेजाऱ्याला त्रास तर होणार नाही ना, याचा विचार करतो.

ओइवाचा जन्म बर्फ उपसण्यात गेला होता. पालिकेचा, पुढे बर्फ सारायचा नांगर लावलेला ट्रक, पहाटेचा रस्ता आणि कॉफीचा थर्मास. तेव्हा त्यानं यंत्राच्या माहितीपुस्तिकांपलीकडे काही वाचलं नव्हतं. निवृत्त झाला, पाठोपाठ बायको ऐला वारली, आणि घरात फक्त फ्रिजचा आवाज उरला. तो आवाज ऐकत ऐकत आपण वेडे होणार, असं त्याला एका हिवाळ्यात स्पष्ट वाटलं होतं. मग तो शाळेत आला. सकाळी पोरं असायची, दुपारी बसची वाट बघणारी पोरं आणि गावकरी, संध्याकाळी नुसते गावकरी. त्यानं ध्रुवाकडे निघालेल्या जहाजांचं एक जाडजूड पुस्तक उचललं आणि खिडकीजवळ बसला. माणसं जिवंत असल्याचे बारीकसारीक आवाज सभोवती होते, पानं उलटली जात होती. त्या दिवसापासून त्याची संध्याकाळ इथेच जायची.

पुस्तक घरी मात्र त्यानं कधी नेलं नाही. दुसऱ्याची वस्तू घरात असली की त्याला झोप लागत नसे. आणि तो एकटा नव्हता, निम्म्या गावाचं असंच होतं. उशीर झाला तर? कॉफी सांडली तर? त्यापेक्षा इथेच बसून वाचावं आणि जागच्या जागी ठेवून जावं.

शाळेची शिक्षिका रायला घरी निघालेल्या पोरांना बसमध्ये चढवून आली. डोळे लाल झाले होते तिचे.

"रायला, हे काय लावलंय?" ओइवानं विचारलं.

"माझ्या वर्गात घरी एकही पुस्तक नसलेली पोरं आहेत, ओइवा. ती इथे वाचायला शिकली. आता त्यांनी काय, सायकल मारत वाचायचं? जागेवरच फिरणारी?"

"पण हे ठरवलं कोणी? कोण म्हणालं वापर होत नाही?"

"मशीन म्हणालं," रायला म्हणाली. "गुरुवारी मेर्वी येते, तिलाच विचार."

ग्रंथपालबाईंची जागा पालिकेनं आधीच गिळली होती. तेव्हा म्हणाले होते, दार कार्डानं उघडेल, तुम्ही शहाणे लोक आहात, तुम्हाला राखणदार कशाला? गाव खूश झालं होतं. स्तुती केली की आमचं गाव काहीही देऊन टाकतं. आता पालिकेच्या केंद्रातून आठवड्यातून एकदा, सकाळी शाळा भरायच्या आधी मेर्वी व्हॅन घेऊन यायची, पुस्तकांवरच्या पट्ट्या वाचणारं एक छोटं यंत्र हातात घेऊन खोलीत फिरायची आणि जायची.

गुरुवारी ओइवा सकाळीच दारात उभा राहिला.

"तू मोजतेस ना? मग सांग, काय मोजतेस?"

मेर्वी बिचारी तरुण होती, थंडीनं नाक लाल झालेलं. "तीन गोष्टी," ती म्हणाली. "घरी किती पुस्तकं गेली. दारावर किती कार्डं लागली. आणि टेबलावर किती पुस्तकं पडलीत. टेबलावरचं पुस्तक म्हणजे इथे बसून कोणीतरी वाचलेलं पुस्तक. त्यावर यंत्र धरलं की टुक्‌ वाजतं आणि नोंद होते."

"आणि टेबलावर काही नसेल तर?"

"तर कोणी वाचलं नाही." ती जरा अवघडली. "इथे कधीच काही नसतं, ओइवा. शाळेच्या वेळात दार उघडंच असतं, आणि नंतर कार्ड रोज एकच लागतं. वर सगळे म्हणतात, सुओयोकीत एकच माणूस येतो, तोही बहुतेक ऊब घ्यायला."

तो एकच माणूस तो होता. तो कार्ड लावायचा आणि दार धरायचा. दुसऱ्याच्या तोंडावर दार लावायचं आणि सांगायचं की आता तू तुझं कार्ड लाव? असा माणूस सुओयोकीत जन्मायचाय.

"पण टेबलावर पुस्तक टाकून जातं कोण?" तो कसाबसा म्हणाला. "डुकरं आहोत का आम्ही?"

रायला पलीकडे पोरांनी काल विसरलेल्या टोप्या गोळा करत होती. ती हळूच म्हणाली, "पोरं टाकतात, ओइवा. माझी पोरं रोज टाकतात. बसची घाई असते त्यांना."

"मग ती पुस्तकं जातात कुठं?"

रायलानं रिकाम्या टेबलांकडे बघितलं. मग त्याच्या हातांकडे.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. रोज जायच्या आधी तो सगळी टेबलं फिरायचा. पोरांची चित्रांची पुस्तकं, कुणी विसरलेला नकाशा, सिल्वीच्या खुनाच्या गोष्टी, एकेक उचलून, पाठीवरचा क्रमांक बघून, जिथल्या तिथे लावायचा. जन्मभर रस्ता साफ केल्याशिवाय घरी गेला नव्हता तो, सवयच तशी. आणि मनातून त्याला त्याचा अभिमान होता. ग्रंथपालबाई नसली तरी खोली कशी लख्ख आहे, असं त्याला रोज वाटायचं. या लख्ख खोलीनंच गळा कापला होता.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ओइवाला लाज वाटली की तिचा राग व्हायला वेळ लागत नसे.

"विचारायचं होतं!" तो मेर्वीवर ओरडला. सुओयोकीच्या वाचनालयात कोणी ओरडण्याची ही पहिलीच वेळ असावी. "इतकी वर्षं यंत्र फिरवत येतेस, एकदा तोंड उघडून विचारायचं होतं, काय ओइवा, वाचता का रे तुम्ही?"

"विचारणं माझ्या कामात नाही," मेर्वी म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "सभा पुढच्या शुक्रवारी आहे. गुरुवारी मी परत येतेय. तोवर... टेबलांना हात लावू नकोस."

तो आठवडा ओइवानं कसा काढला ते त्यालाच ठाऊक. दारावरच तो एकेकाला बजावू लागला. प्रत्येकानं आपापलं कार्ड लावायचं. वाचलेलं पुस्तक टेबलावर टाकायचं. उचलायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि संध्याकाळ झाली की सगळ्यांनी पुस्तकं परत कपाटात ठेवली.

"सिल्वी, ठेव ते खाली!"

"असा पसारा टाकून मी घरी जाणार नाही," सिल्वी म्हणाली. ती गावची जुनी शिवणकाम करणारी, दोरा तुटला तरी दुखवटा पाळणारी बाई. "लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणजे कोण? लोक तर आपणच आहोत!"

"म्हणून तर."

"सिल्वी, तू ते पुस्तक कपाटात ठेवलंस की तू ते वाचलंच नाहीस. ती मेर्वी येते, यंत्र फिरवते, आणि तू नसतेसच. कळतंय का? तू जिवंतच नाहीस!"

सिल्वीनं त्याच्याकडे रागानं बघितलं. मग तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं, कडेला समांतर करून. दारापर्यंत गेली, परत आली, ते तिरकं केलं आणि निघून गेली. दूधगाडीवाल्यानं आपलं टाकलं ते चोरी केल्यासारखा चेहरा करून. ओइवा स्वतः दोन्ही हात मांड्यांखाली दाबून खिडकीपाशी बसून राहिला. बुधवारपर्यंत टेबलांचं लाकूड दिसेनासं झालं. गुरुवारी मेर्वी आली आणि बराच वेळ नुसतं टुक्‌ टुक्‌ टुक्‌ वाजत राहिलं. ओइवाला वाटलं, जिंकलो.

सभा शाळेच्या जेवणघरात होती. वेलदोड्याचे पाव होते, कॉफी होती, आणि केंद्रातून आलेले लिंद्रूससाहेब होते. स्वच्छ, सौम्य, कुणाचं कधी वाईट न केल्यासारखा चेहरा. मेर्वी बाजूला इतिवृत्त लिहायला बसली होती. अख्खं गाव आलं होतं आणि अख्खं गाव मूग गिळून बसलं होतं.

"या आठवड्यात आकडे वाढलेत, हे मान्य केलं पाहिजे," लिंद्रूस म्हणाले आणि त्यांनी भिंतीवर एक फोटो दाखवला. वाचनालयाची टेबलं. ढीगच ढीग. "पण हे बघा. हा पसारा. कर्मचारी नसलेल्या खोलीत लोकांकडून इतपत शिस्तीची अपेक्षा असते. हे आवरायला माणूस नेमावा लागेल, आणि माणसाला पैसे नाहीत. म्हणून प्रस्ताव आहे तसाच ठेवावा असं मला वाटतं. कोणाची हरकत नसेल तर तसं लिहून मी सही करतो. हरकत असेल तर ती नावानिशी नोंदवून प्रस्ताव फेरविचारासाठी परत न्यावा लागतो. तर, काही हरकत?"

कोणी बोललं नाही. लिंद्रूसनी मान हलवली. या भागातल्या सभा त्यांना चांगल्या ठाऊक होत्या. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

ओइवा उभा राहिला तेव्हा त्याची खुर्ची मागे पडली.

"टेबल रिकामं होतं तेव्हा आम्ही अडाणी होतो," तो म्हणाला. "टेबल भरलं तर आम्ही घाणेरडे झालो. मग आम्ही असावं तरी कसं, साहेब? तेवढं एकदा लिहून द्या, म्हणजे तसे वागू. ती टेबलं इतकी वर्षं मी साफ करत होतो. मी! पोरांनी वाचलेलं, म्हाताऱ्यांनी वाचलेलं, सगळं माझ्या हातानं उचलून मी कपाटात लावलं. आणि तुम्ही त्या साफ टेबलाचा फास करून आमच्याच गळ्यात अडकवलात. मोजायचंय ना तुम्हाला? मग लाकूड कशाला मोजता? माणसं मोजा! माझं नाव ओइवा हाकाला, बर्फगाडीचा ड्रायव्हर. ध्रुवावरची जहाजं, तिसरा खंड चाललाय. माझी हरकत आहे. लिहा!"

ओइवाचे कान तापले होते. त्याला वाटलं, आता हे सगळे खाली बघणार, आणि मी उद्यापासून गावात तोंड दाखवू शकणार नाही.

"इतक्या तावातावानं बोलायची गरज नाही," लिंद्रूस शांतपणे म्हणाले. "एक हरकत. नोंद केली."

"दोन," सिल्वी म्हणाली. ती उभी राहिली नव्हती, विणकामावरून तिनं डोळेही उचलले नव्हते. "सिल्वी तिआइनेन. मी खुनाच्या गोष्टी वाचते. सगळ्या वाचल्यात, काही दोनदा. आणि त्या फोटोतलं ते तिरकं पुस्तक माझं आहे. मला ते तिरकं ठेवायला किती जड गेलं, ते तुम्हाला काय कळणार?"

दूधगाडीवाला उठला. आठवडाभरात दहा शब्द बोलणारा माणूस. "मधमाश्या," तो म्हणाला, आणि मग आठवल्यासारखं आपलं नाव सांगितलं.

रायला उठली आणि तिनं आपल्या वर्गातल्या एकेका पोराचं नाव घ्यायला सुरुवात केली. नाव, आणि ते पोर सध्या काय वाचतंय ते. तिचं संपायच्या आत मागच्या रांगेतून कोणी बोललं, मग खिडकीपाशी कोणी, मग दोघं एकदमच. जी माणसं शेजाऱ्याच्या लग्नातही दोन वाक्यं बोलत नाहीत ती एकमेकांच्या वरताण बोलू लागली. मेर्वी खाली मान घालून भराभर लिहीत होती.

"थांबा, थांबा!" लिंद्रूस हात वर करून म्हणाले. त्यांचा तो सौम्य चेहरा पहिल्यांदाच लाल झाला होता. "असं सगळ्यांनी एकदम नाही! एकेकानं बोला!"

"का?" ओइवा म्हणाला. "मोजता येईना?"