दोघांच्या नावचं घर

माझा भाऊ युवराज वाईट नाही, घुम्या आहे. मूग गिळून बसायचं झालं तर त्याला पोतंभर मूग पुरायचे नाहीत. तो बारामतीत डेअरीत कामाला, आणि लग्न झाल्यापासून भाड्याच्या खोलीत. घरमालकाला खोली हवी झाली की यांनी बिऱ्हाड उचलायचं. चौथ्या खोलीतून निघताना संजीवनीने, म्हणजे माझ्या भावजयीने, भांड्यांचं पोतं रस्त्यावरच टेकवलं.

"आता नवी खोली नगं," ती म्हणाली. "मी इंदापूरला आईकडं ऱ्हाते. सोडतीत घर लागलं की न्यायला या."

युवराजने नेहमीसारखं हूं केलं.

म्हाडाच्या सोडतीचा अर्ज दर वेळी तीच भरायची. या वेळचा तिने माहेरून भरला, आणि नेमका हाच लागला. बारामतीतच, तिसऱ्या मजल्यावर, अल्प उत्पन्न गटातलं घर. घर दोघांच्या नावावर, कर्जावर सही दोघांची. सहीसाठी ती बँकेत आली, दोघं एका बाकावर बसली, आणि तिथूनच ती परतीच्या एसटीत चढली. हा 'चल' म्हणाला नाही. ती 'येऊ का' म्हणाली नाही.

"घर झालंय, तिला ठावं हाय की," तो मला म्हणाला. "यील."

"आरं, म्हायेरी गेलेल्या बाईला न्यायला जात्यात. ती काय म्हैस हाय व्हय, सांजच्याला आपली आपण गोठ्यात यायला?"

त्याने मान हलवली. गेला मात्र नाही. वास्तुशांतीची पत्रिका त्याने मोबाइलवर पाठवली, आम्हा सगळ्यांना पाठवली तशीच तिलाही.

त्या सकाळी दोन पाट मांडले होते. युवराज दाराकडे बघत बसला. गुरुजींनी दोनदा घड्याळ पाहिलं, तेव्हा आमचे चुलते अप्पा म्हणाले, "कमरंला सुपारी लाव अन् बस. मुहूर्त कुणासाठी थांबत न्हाय."

बायको हयात नसली किंवा येऊ शकत नसली, की पूजेला बसणारा तिच्या जागी कमरेला सुपारी खोचतो. युवराजने खोचली.

होम पेटला आणि संजीवनी दारात आली. अंगावर लग्नातला शालू, हातात कपड्यांची बॅग. कुणी न्यायला न येता, सगळा मानापमान गिळून ती इंदापूरहून एकटी आली होती. ती कशासाठी आलीय, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

गुरुजी शहाणे. "या वहिनी, बसा शेजारी. सुपारी काढून ठेवू," ते म्हणाले.

ती युवराजकडे बघत उभी राहिली. एक 'ये' म्हणायचं होतं. त्याने कमरेची सुपारी हाताने झाकली आणि मान खाली घातली. ती लाज होती. मी त्याला लहानपणापासून ओळखते. पण तिला कसं कळावं? तिला वाटलं असेल, याला सुपारीच बरी.

ती मागे फिरली. मी धावत जाऊन जिन्यात तिचा दंड धरला. "आगं, त्यो येडा हाय. घर तुजं हाय. चल आत."

"वन्सं, मी जित्ती हाय अजून," ती म्हणाली.

आत मंत्र चालूच होते. मी मागे वळून पाहिलं, तो पाटावरून उठला नव्हता. सख्खा भाऊ, पण त्या घटकेला मला त्याचा राग आला तितका जन्मात कुणाचा आला नाही.

तिने पदराने डोळे पुसले. मीही रडत होते, तर माझेही पुसले. मग दोन पायऱ्या उतरून थांबली. हे घर तिने मागून मागून मिळवलं होतं, आणि आतून एकदाही पाहिलं नव्हतं.

"सैपाकघराला खिडकी हाय का?"

"हाय. मोठी हाय."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि बॅग सावरत उतरून गेली.